चोर सोडून संन्याशाला: अँटीव्हायरसच्या चुकीच्या संशयाचा इतिहास, जोशी व्हायरसपासून तारापूरपर्यंत

१/
२१ एप्रिल २०१०. भारतात संध्याकाळ झाली होती. मॅकॅफी या कंपनीच्या अँटीव्हायरससाठी नेहमीप्रमाणे नवी अपडेट फाइल प्रसिद्ध झाली. तिचा क्रमांक ५९५८. ती पोहोचताच जगभरच्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ संगणकांवर 'एसव्हीसीहोस्ट' नावाची फाइल विषाणू म्हणून पकडली जाऊ लागली. ही फाइल विषाणू नव्हती. ती विंडोजचाच अत्यावश्यक भाग होती. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले, त्यांचे नेटवर्क तुटले. ऑस्ट्रेलियातील कोल्स या दुकानसाखळीला काही दुकाने बंद ठेवावी लागली.

२/
चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मराठीत जुनी आहे. संगणकाच्या क्षेत्रात या प्रकाराला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. निरपराध प्रोग्रामवर घेतलेला तो चुकीचा संशय. विषाणूंच्या हल्ल्यांचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो. या चुकीच्या संशयाचा फारसा सांगितला जात नाही. तो चाळीस वर्षांचा आहे. त्यात पुणे आहे, मराठी आडनावाचा एक विषाणू आहे, आणि ज्यांना आजही हा प्रश्न रोज भेडसावू शकतो असे बोईसर-तारापूरसारखे औद्योगिक पट्टे आहेत.

३/
प्रथम स्थळ. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकातून पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने निघाले की तारापूर औद्योगिक वसाहत लागते. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना उद्योग तेथे आहेत. त्यापलीकडे किनाऱ्यावर तारापूर अणुवीज केंद्र. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या काळी हा सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. १९६९ मध्ये 'संगणक विषाणू' ही संज्ञादेखील अस्तित्वात नव्हती.

४/
ती संज्ञा रूढ झाली फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याच्या कामामुळे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर १९८३ मध्ये त्याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम प्रयोग म्हणून दाखवला. 'व्हायरस' हे नाव त्याचे मार्गदर्शक लेनर्ड अ‍ॅडलमन यांनी सुचवले. १९८४ मध्ये कोहेनचा निबंध आला. त्यात विषाणूच्या व्याख्येबरोबरच एक अस्वस्थ करणारा सिद्धांतही होता: प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारा आणि एकाही निर्दोष प्रोग्रामवर आळ न घेणारा शोधक तयार करणे तत्त्वतःच अशक्य आहे.

५/
त्यामागचा युक्तिवाद सोपा आहे. असा सर्वज्ञ शोधक आहे असे क्षणभर मानावे. आता कोणी एक खोडकर प्रोग्राम लिहिला. तो सुरू होताच शोधकालाच विचारतो, "मी विषाणू आहे का?" उत्तर 'होय' आले, तर तो काहीच करत नाही, मुकाट्याने थांबतो. उत्तर 'नाही' आले, तर तो पसरू लागतो. म्हणजे शोधक काहीही म्हणाला तरी तो चुकीचाच ठरतो. अँटीव्हायरसचा धंदा जन्मण्याआधीच त्याची मर्यादा अशी कागदावर सिद्ध झाली होती.

६/
याचा अर्थ अँटीव्हायरस निरुपयोगी, असा नव्हे. अर्थ एवढाच, की चूक शून्यावर आणता येत नाही. ती एका बाजूने कमी केली की दुसऱ्या बाजूने वाढण्याचा धोका असतो. फार संशयी पहारेकरी घरच्यांनाही अडवतो, फार भोळा चोरालाही आत घेतो. म्हणून अँटीव्हायरस निवडताना 'तो किती विषाणू पकडतो' या प्रश्नाला दुसऱ्या एका प्रश्नाची जोड द्यावी लागते: तो चुकतो तेव्हा ती चूक कोणाच्या माथी बसते? पुढचा सारा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

७/
१९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंचा 'ब्रेन' आला. आयबीएम पीसीवर सर्वदूर पसरलेला हा पहिला विषाणू. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल करणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी तो लिहिल्याचे त्यांनी सांगितले. चार वर्षांनी, जून १९९० मध्ये, भारतात 'जोशी' आढळला. त्याचा कर्ता आजतागायत अज्ञात आहे. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करण्याचा हुकूम सोडी. टाइप केले की संगणक पुन्हा चालू.

८/
गंमत वाटली, तरी 'जोशी' तांत्रिकदृष्ट्या कच्चा नव्हता. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये आणि हार्ड डिस्कच्या अगदी आरंभीच्या भागात बसे. संगणक सुरू होताना प्रथम वाचला जातो तोच हा भाग. तेथील मूळ मजकूर तो दुसरीकडे हलवून ठेवी. कोणी तपासणीसाठी ती जागा वाचायला गेले, की मधेच हस्तक्षेप करून तो जुना, निर्दोष मजकूर पुढे करी. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबूनही तो स्मृतीतून जात नसे. संगणक पूर्ण बंद करून स्वच्छ फ्लॉपीने सुरू करणे, हाच उपाय होता.

९/
अशा विषाणूंना पकडण्याची पहिली रीत म्हणजे 'सिग्नेचर'. विषाणूच्या आज्ञावलीतील एखादा खास तुकडा निवडायचा आणि प्रत्येक फाइलमध्ये तो शोधायचा. तुकडा सापडला, तर फाइल बाधित. रीत वेगवान होती, पण तिच्यातच चुकीच्या संशयाचे बीज होते. तुकडा आखूड निवडला, तर तो योगायोगाने एखाद्या निर्दोष प्रोग्राममध्येही सापडे. फार लांब निवडला, तर विषाणूची किंचित बदललेली आवृत्ती निसटे. कोहेनने कागदावर मांडलेला पेच येथे रोजच्या व्यवहारात उतरला.

१०/
त्या काळातला एक प्रकार आजही उपयोगी धडा देतो. एका संगणकावर दोन अँटीव्हायरस बसवले, की पहिल्याची सिग्नेचरची यादी संगणकाच्या स्मृतीत उघडी पडलेली असे. दुसरा ती वाची आणि शेकडो विषाणूंचा सुगावा लागल्याचा गजर करी. प्रत्यक्षात तो दुसऱ्या पहारेकऱ्याचीच वही वाचत असे. पुढे याद्या सांकेतिक रूपात ठेवण्याची पद्धत आली, तरी भांडण मिटले नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटीस्पायवेअरने सिमँटेकच्या अँटीव्हायरसलाच पासवर्ड चोरणारा प्रोग्राम ठरवले.

११/
याच काळात महाराष्ट्रात काय घडत होते? पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलाश काटकर संगणक दुरुस्तीकडे वळले होते. दुरुस्तीला येणारे अनेक संगणक विषाणूबाधित असत. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उतारे लिहायला घेतले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यास 'क्विक हील' बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले.

१२/
दुरुस्तीच्या दुकानातून या व्यवसायाकडे येण्याला एक अर्थ आहे. ग्राहकाला विषाणू जायला हवा असतो, पण हिशेबाचा प्रोग्राम आणि वर्षाच्या नोंदी शाबूत हव्या असतात. बाधित फाइल पुसून टाकणे सोपे. विषाणूने जोडलेला भाग कापून मूळ प्रोग्राम पूर्ववत करणे अवघड. बूट सेक्टरच्या विषाणूंबाबत तर 'पुसणे' हा पर्यायच नसे. हलवलेला मूळ मजकूर शोधून जागेवर आणावा लागे. शोधणे आणि बरे करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे नसेल, तर पहिले घरमालकालाच महाग पडते.

१३/
विषाणू आपले रूप बदलू लागले तेव्हा सिग्नेचर अपुरी पडली. मग 'ह्युरिस्टिक' पद्धत आली: चेहरा न पाहता वागणूक पाहायची. पण वागणुकीवरून संशय घेणे आणखी नाजूक. विंडोजवर मराठी टंकलेखनाची अनेक साधने दाबलेली प्रत्येक कळ मधेच पकडतात आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर देतात. पासवर्ड चोरणारा 'कीलॉगर'ही कळा अशाच पकडतो. यंत्रणा तीच, हेतू विरुद्ध. केवळ वागणूक पाहणाऱ्याला देवनागरी लिहिणारा कारकून आणि खिसेकापू सारखेच दिसू शकतात.

१४/
आता मूळ प्रश्नाकडे: चूक कोणाच्या माथी बसते? १८ मे २००७ रोजी सिमँटेकच्या अपडेटने विंडोज एक्सपीच्या दोन मूळ फाइली विषाणू ठरवल्या आणि संगणक सुरू होईनासे झाले. हे घडले फक्त सरलीकृत चिनी आवृत्तीत. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने एक्सपीची 'यूजर३२' ही फाइल पकडली. फटका बसला डच, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश आवृत्त्यांना. दोन्ही वेळा इंग्रजी आवृत्ती सुखरूप राहिली.

१५/
याचे कारण अपडेट तपासण्याच्या पद्धतीत आहे. नवी अपडेट बाहेर पाठवण्याआधी कंपन्या ती 'स्वच्छ संचा'वर चालवून पाहतात. स्वच्छ संच म्हणजे निर्दोष असल्याचे ठाऊक असलेल्या फाइलींचा साठा. जे त्या साठ्यात आहे, ते वाचते. जे प्रचंड प्रमाणात वापरले जाते, ते साठ्यात असण्याची शक्यता सर्वाधिक. जे दुर्मीळ, प्रादेशिक किंवा एकाच ग्राहकासाठी बनवलेले असते, त्याचा वाली कोणी नसतो. ही ढाल किती महत्त्वाची, हे चाचणी घेणाऱ्यांनी ओळखले. 'व्हायरस बुलेटिन'च्या १९९८ पासूनच्या व्हीबी१०० प्रमाणपत्रासाठी विषाणू पकडण्याबरोबर खोटा इशारा न देणेही आवश्यक ठरले.

१६/
२०१० च्या सुमारास 'लौकिक' पाहण्याची पद्धत रुजली. फाइल जगात किती संगणकांवर आहे, किती दिवसांपासून आहे, तिच्यावर कोणाची डिजिटल स्वाक्षरी आहे, यावरून विश्वास ठरू लागला. क्षणोक्षणी नवे रूप घेणाऱ्या विषाणूंविरुद्ध हे प्रभावी आहे. पण एखाद्या कारखान्यासाठी स्थानिक प्रोग्रामरने लिहिलेला, वजनकाट्यावरून आकडे घेऊन चलन छापणारा प्रोग्राम घ्या. जगात त्याच्या चार प्रती, स्वाक्षरी नाही, लौकिक शून्य. औद्योगिक वसाहतीतील लहान उद्योगांचे कामकाज अशाच अनाम प्रोग्रामांवर उभे असू शकते.

१७/
कारखान्यात एका चुकीच्या इशाऱ्याची किंमत कार्यालयापेक्षा वेगळी असते. औषधाच्या प्रयोगशाळेत तपासणीयंत्राला जोडलेला संगणक तासन्‌तास मोजमाप नोंदवत असतो. अँटीव्हायरसने नेमकी तीच फाइल तपासायला धरून ठेवली, तर नोंद अर्धवट राहू शकते. १९९७ च्या अमेरिकी नियमानुसार, त्या बाजारात जाणाऱ्या औषधांच्या संगणकीय नोंदींची प्रणाली प्रमाणित असावी लागते. प्रमाणित संगणक बदलू नये आणि अँटीव्हायरस रोज बदलावा, असा हा पेच. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २००६ मध्येच औद्योगिक नियंत्रण संगणकांवरील अँटीव्हायरससाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती.

१८/
मग कारखान्यातून अँटीव्हायरस काढूनच टाकावा काय? जून २०१० मध्ये बेलारूसच्या व्हायरसब्लोकाडा या कंपनीला 'स्टक्सनेट' सापडला. तो सीमेन्सच्या औद्योगिक नियंत्रकांना लक्ष्य करी. त्याच्या फाइलींवर रिअलटेक या नामांकित कंपनीची खरी, पण चोरलेली स्वाक्षरी होती. सर्वाधिक बाधित देशांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारत होता. मॅकॅफीच्या घटनेनंतर जेमतेम दोन महिन्यांत जगाने दुसरी बाजू पाहिली: एप्रिलमध्ये संन्यासी फाशी गेला, जूनमध्ये चोर संन्याशाच्या वेषात सापडला.

१९/
भारतीय अणुऊर्जेशी या इतिहासाचा थेट संबंध २०१९ मध्ये आला. तारापूर आणि कुडनकुलम ही दोन्ही केंद्रे भारतीय अणुऊर्जा महामंडळ, म्हणजे एनपीसीआयएल, चालवते. ३० ऑक्टोबर २०१९ रोजी महामंडळाने आपल्या प्रणालीत घातक सॉफ्टवेअर आढळल्याचे मान्य केले. सर्ट-इन या सरकारी संस्थेने ४ सप्टेंबरलाच तसे कळवले होते. बाधित संगणक प्रशासकीय कामाचा, इंटरनेटला जोडलेला होता आणि तो महत्त्वाच्या अंतर्गत जाळ्यापासून वेगळा होता, असे निवेदनात म्हटले होते. येथे बचाव केला तो या विभागणीने.

२०/
विश्वासू प्रोग्रामही वाहक ठरू शकतो, हे महाराष्ट्राने २७ जून २०१७ नंतर अनुभवले. 'नॉटपेट्या' हा विषाणू युक्रेनमध्ये 'एमईडॉक' या अधिकृत हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. त्याने मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प केली आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा येथील जेएनपीटीच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. 'हा प्रोग्राम आपला आहे, याला कधीच तपासू नका' अशी कायमची सूट किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण.

२१/
यावर एक उलटी वाट निघाली. वाईटांची अनंत यादी ठेवण्याऐवजी चांगल्यांची छोटी यादी ठेवायची आणि तिच्यातलेच प्रोग्राम चालू द्यायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत सी-डॅकचे 'अ‍ॅपसंविद' हे असेच साधन मोफत मिळू लागले. वर्षानुवर्षे ठराविक चार प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्राच्या संगणकाला ही रीत विशेष शोभते. रोज नवे काही बसवल्या जाणाऱ्या घरच्या संगणकाला ती जाचक होते.

२२/
१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले. ही घटना चुकीच्या संशयाची नव्हती, पण मुळाशी तीच घाई होती: पहारेकऱ्याचा नवा हुकूम एकाच वेळी सर्वांवर लागू. क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ २०१० मध्ये मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते.

२३/
या इतिहासातून निवडीचे निकष आपोआप निघतात. चाचणी-अहवालात पकडलेल्या विषाणूंच्या टक्केवारीबरोबर खोट्या इशाऱ्यांचा आकडाही पाहावा. संशयित फाइल थेट न पुसता अलग ठेवणारा आणि सहज परत देणारा अँटीव्हायरस घ्यावा. एका संगणकावर एकच अँटीव्हायरस ठेवावा. सूट द्यायची, तर अख्ख्या फोल्डरला न देता त्या एका फाइलला, तिची डिजिटल ओळख तपासून द्यावी. चुकीचा संशय कळवल्यावर कंपनी किती लवकर सुधारते, हेही पारखावे.

२४/
कारखान्यासाठी आणखी तीन गोष्टी. अपडेट आधी एका दुय्यम संगणकावर चालवून पाहावी, मग यंत्राच्या संगणकावर न्यावी. यंत्राचे आणि कार्यालयाचे जाळे वेगळे ठेवावे. आणि स्थानिक प्रोग्रामरने लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामची मूळ, स्वच्छ प्रत व त्याची नोंद जपून ठेवावी. सिमँटेकच्या किंवा एव्हीजीच्या प्रयोगशाळेतील साठ्यात बोईसरच्या वजनकाट्याचा प्रोग्राम कधी असणार नाही. तो स्वच्छ संच बोईसरमध्येच तयार करावा लागेल.